सुखतळ्यातला विंचू

माझ्या उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग आता या जगात नाही. उरलेला मी सगळा आहे, वजनाने थोडा जास्तच. पाय अर्धा झाला तरी तोंड शाबूत असल्यामुळे गेली काही वर्षं मी ही गोष्ट माझ्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. कढई दाखवता दाखवता सांगतो, नकला करून सांगतो, डॉक्टरांचा आवाज काढतो, बायकोचा काढतो. सांगून सांगून गोष्टीला चांगली कल्हई चढली आहे.

परवा एक बाई कुकर घ्यायला आल्या. त्यांच्या नवऱ्याला साखरेचा जुना त्रास, आणि आता तळपायाला जखम. "पण दुखत न्हाय म्हणत्यात. म्हंजे काळजीचं काय न्हाय न्हवं?" असं त्यांनी कुकरची शिट्टी हातात फिरवत सहज विचारलं. मला एकही नक्कल सुचली नाही. म्हणून आज कल्हई खरवडून लिहायला बसलो आहे.

टाच

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझी चाळिशी उलटली होती. आमच्या हौशी नाटकमंडळीत मी पूर्वी राजाची कामं करायचो. पोट पुढे आलं तसा दिग्दर्शकाने मला प्रधान केलं, आणि पुढच्या नाटकात एकदम आचारी. त्या अपमानातून मी पळायचे बूट घेतले.

सोबतीला रघू. शाळेपासूनचा मित्र, चपला करणारा, आणि माझ्याइतकाच वाह्यात. त्याच्या पायातली कोल्हापुरी अशी करकरायची, की तो गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या घरात चहाचं आधण वाढायचं. सकाळी उजाडताना आम्ही दोघं रंकाळा तलावाभोवती पळायचो. पळणं कसलं, दोन म्हशी पाण्याकडे निघाल्यासारखं ते दिसत असणार. पण आनंद विचारू नका. पळून झालं की फेसाळ धारोष्ण दुधाचा मोठा ग्लास. मिशीला फेस लागला की पळणं अंगी लागलं, असा आमचा हिशेब.

मग टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. रघूने निदान केलं, "नवा बूट हाय, चावणारच. चपल न्हाय चावत? तेल घाल, सोस, वळंल."

कोल्हापूरच्या माणसाला हे चपलेने शिकवलेलं असतं. नवी वस्तू आधी चावते, मग आपली होते. मी बुटात एरंडेल ओतलं. बूट वळला नाही. माझी बायको गिरिजा मात्र फरशीवरच्या तेलकट पावलांवरून घसरता घसरता वाचली, आणि तिनेच मला डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, तळव्याची शीर ताणली गेली आहे. बुटात तुमच्या पायाच्या घडणीप्रमाणे गादी करून घाला, आणि एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. मी गादीचं ऐकलं. साखरेचं हसण्यावारी नेलं. अहो, उसाच्या जिल्ह्यातली माणसं आम्ही. गारगोटीकडचे माझे साडू दर हंगामात काकवीचा डबा आणून देत होते. आमच्या रक्तात साखर नसेल तर काय मीठ असणार?

गादी न्हवं, सुखतळा

"गादी काय म्हंतोस लेका," रघू म्हणाला. "बुटाच्या आतल्या तळाला सुखतळा म्हंत्यात. सुखाचा तळा. नाव तरी नीट घे."

त्याने मला ओल्या चामड्यावर उभं केलं. पायाचा खोलगट भाग अंगठ्याने चाचपला, चामडं तिथं उचलून वाळू दिलं, खाली मऊ थर दिला, टाचेखाली वाटीसारखा खळगा केला. मी वर उभा राहून राज्याभिषेकाच्या पोझमध्ये. दुकानासमोरून जाणारे लोक बघत होते.

आणि दुखणं खरंच कमी झालं. काही आठवड्यांनी एका सकाळी मी पलंगावरून पाय टाकला आणि खिळा नव्हता. मी गिरिजाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "हे सांगायला उठवलं व्हय?" पण तिलाही बरं वाटलं.

हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. टाच दुखणाऱ्या, हौसेने पळणाऱ्या माणसाला पायाच्या मापाचा सुखतळा आराम देतो. माझं भांडण सुखतळ्याशी नाही.

विंचू

कोल्हापुरी चप्पल करकरते ती काही आपोआप नव्हे. तळाच्या दोन थरांत एक बी दडवतात. काळं, टणक, टोकं बाकदार. दिसतं विंचवासारखं, म्हणून त्याचं नावच विंचू. वजन पडलं की ते थरांत घासतं आणि माणूस येण्याआधी त्याचा रुबाब येतो.

एका सकाळी दूध पिताना मी रघूला म्हणालो, "माझ्या बुटात घाल की विंचू."

"पळायच्या बुटात? याड लागलंय व्हय रं?"

"आख्ख्या रंकाळ्यानं मागं वळून बघितलं पायजे."

रघूने ग्लास खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जिच्यामुळे आम्ही शाळेत कित्येकदा वर्गाबाहेर उभे राहिलो होतो. "उजव्यात घालू," तो म्हणाला. "दोन्हीत घातला तर बैलगाडी वाटंल."

त्याने बियाची बाकदार टोकं मोडली, चवड्याखाली, सुखतळ्याच्या दोन चामड्यांत ते बसवलं, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "नांगी मोडलीया. आता डसत न्हाय."

काय ते दिवस! दर दुसऱ्या पावलाला कर्र. बाकांवरची मंडळी म्हणायची, "आलं बघा भांडीवालं." एकदा तर पुढे पळणारे दोन कॉलेजकुमार दचकून बाजूला झाले आणि मी त्यांच्यामधून महाराजांसारखा गेलो. नाटकात गेलेलं राज्य मला रंकाळ्यावर परत मिळालं होतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली आणि तिचा मला फार आनंद झाला. आधी रात्री पायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. त्या बंद झाल्या. फरशीवर चालताना कापसावरून चालल्यासारखं मऊ मऊ वाटायला लागलं. तहान खूप लागायची, वजन उतरत होतं, पण ते सगळं पळण्याच्या खात्यावर. मी रघूला पेढे दिले. "लेका, टाच तर टाच, तू सगळा पायच बरा केलास!"

रघूने दोन्ही हातांनी पेढा घेतला. तो त्या दिवशी इतका खूश होता, की आता आठवलं तरी मला नको वाटतं.

कुंकवाची पावलं

गिरिजाने फरशी पुसली होती. मी पळून आलो, बूट-मोजे दाराशी काढले आणि पेपर घेऊन आतबाहेर फिरलो. तिचा आवाज आला, "अहो, कुंकवात पाय दिला का तुम्ही?"

मी मागे बघितलं. दारापासून देवघरापर्यंत लाल पावलं उमटली होती. गौरी आणताना आपण काढतो ना, तशी. फक्त उजवीच.

घाबरली की गिरिजा माहेरच्या कानडीत जाते. "अय्यो देवरे," म्हणत तिने मला खुर्चीवर ढकललं आणि पाय उचलला. चवड्याखाली भोक होतं. खोल. कडा पांढऱ्या पडलेल्या, म्हणजे ते आजचं नव्हतं.

मी म्हणालो, "दुखत नाही गं. म्हणजे विशेष काही नसणार."

ती उठली, दाराशी गेली आणि बुटात हात घातला. तिने तो झटकन मागे घेतला. तिच्या बोटावर रक्ताचा ठिपका होता. सुखतळ्याच्या चामड्यातून विंचवाचं मोडकं टोक वर आलं होतं. तिला ते एका स्पर्शात कळलं. मी त्याच्यावरून किती दिवस पळत होतो कोण जाणे.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाले, पायाला टाचणी टोचेन, टोचली की सांगा. मी डोळे मिटून शहाण्या मुलासारखा बसलो. बराच वेळ गेला. मी म्हणालो, "डॉक्टर, करा की सुरू."

ते म्हणाले, "झालं करून."

ही जागा मी दुकानात फार रंगवून सांगतो आणि लोक खो खो हसतात. त्या दिवशी खोलीत कुणी हसलं नव्हतं. गिरिजा माझ्या पायाकडे बघत होती. तिने सगळ्या टाचण्या पाहिल्या होत्या.

साखर कित्येक वर्षांची असावी, डॉक्टर म्हणाले. तिने तळपायांच्या, दुखणं कळवणाऱ्या नसा मारल्या होत्या. टाच सुखतळ्याने बरी केली होती. बाकीचं बरं झालं नव्हतं, मुकं झालं होतं. मी त्या मुकेपणाचे पेढे वाटले होते.

कुठनं?

रुग्णालयातला दिवस टोचण्याने सुरू व्हायचा. बोटाला सुई, पोटाला सुई, मग ड्रेसिंग. मला ड्रेसिंगचं भय नव्हतं, कारण कळायचंच नाही. भय होतं ते सिस्टरच्या चेहऱ्याचं. पट्टी सोडताना मी जखमेकडे न बघता तिच्या भुवयांकडे बघायचो. भुवया जवळ आल्या की मी डोळे मिटून घ्यायचो.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शेतकरी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पावणं, कुठनं?"

"इथलाच, कोल्हापूरचा."

"तसं न्हवं वो. पाय कुठनं?"

त्या वॉर्डात 'कुठनं' चा अर्थ वेगळा होता. कुणाचा पाय बोटापासून काढलेला, कुणाचा घोट्यापासून. त्यांनी चादर बाजूला करून स्वतःचं दाखवलं. गुडघ्याखालून. "माझं हितनं," ते म्हणाले, गावाचं नाव सांगावं तसं.

माझी आधी दोन बोटं काढली. मला वाटलं, संपलं. पण सिस्टरच्या भुवया काही सुटेनात. हाडात पू गेला होता. सर्जन म्हणाले, परत उघडावं लागेल. टाच वाचवता आली तर वाचवू, पण घोट्याच्या वरून कापावं लागलं तर त्याचीही सही घेऊन ठेवतो.

त्या दुपारी भेटीच्या वेळात गिरिजा आणि रघू दोघंही आले होते. मला झोप लागली आहे असं समजून ते पडद्यापलीकडे बोलत होते. पाय मुका होता, कान नव्हते.

"भावोजी," गिरिजा म्हणाली, "खेळायला माझ्याच घरचा पाय गावला व्हय तुम्हाला?"

रघूची चप्पल जागच्या जागी एकदा करकरली.

"हे तर नाटकीच हायेत. तुम्ही तर चामड्यातलं जाणता ना? हात फिरवून बघितला न्हाई?"

"फिरवला वैनी," रघू म्हणाला. "आरीनं घट्टे पडल्यात हाताला. मला न्हाई लागलं ते."

मग त्याची चप्पल करकरत गेली. कर्र, कर्र, लांबच्या लांब वऱ्हांड्यात, जिन्यापर्यंत. मला ओरडून सांगायचं होतं, की विंचू मी मागितला, पेढे मी वाटले, साखर माझी. आयुष्यभर स्टेजवर उभ्या राहिलेल्या माणसाला एक वाक्य वेळेवर आलं नाही. गिरिजा पडदा सारून आत आली, तेव्हा तिचाही चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

ऑपरेशनला नेताना म्हातारे शेजारी म्हणाले, "जावा पावणं. जेवढा येईल तेवढा घिऊन या."

जाग आली तेव्हा मी आधी पांघरुणाकडे बघितलं. उजवीकडचा उंचवटा घोट्यापुढे थोडा जाऊन एकदम खाली पडत होता. बोटं सगळी गेली होती, चवडा गेला होता. टाच होती. जिला मी रोज सकाळी शिव्या घातल्या, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेवढीच राहिली होती. मी चादरीवरूनच तिला हात लावला आणि मला रडू फुटलं.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुठनं?"

"टाच हाय," मी म्हणालो.

"मग उभं ऱ्हाशीला," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले.

बिनआवाजाचा

रघू बरेच दिवस आला नाही. मी रोज भेटीच्या वेळी वऱ्हांड्याकडे कान लावून पडायचो. करकर ऐकू आली की म्हणायचं वाक्यही पाठ करून ठेवलं होतं, विनोदी होतं. एका दुपारी मी कुशीवर वळलो तर तो खाटेपाशी उभाच होता. कधी आला मला कळलं नाही.

मी खाली बघितलं. चपला त्याच होत्या. तळ उसवून परत शिवलेला दिसत होता.

पाठ केलेलं वाक्य मी विसरलो. "बस की," एवढंच म्हणालो. तो पायथ्याशी बसला, जिथं आता पुष्कळ जागा होती.

"विंचू काढलास?" मी विचारलं.

"सगळ्या चपलांतनं काढला. गिऱ्हाईक मागतंय, देत न्हाय."

"लोक काय म्हणतील, कोल्हापुरी मुकी झाली?"

तो हसला नाही. त्याला हसवणं हे माझं लहानपणापासूनचं काम होतं, आणि ते पहिल्यांदा जमलं नाही. पाय गेल्याचं दुःख मला टप्प्याटप्प्याने होत गेलं, अजून होतं. हे मात्र एकदम झालं.

गाल

घरी आल्यावर रुग्णालयाच्या वर्कशॉपने मला नवा सुखतळा करून दिला. मऊ फोमवर पाय दाबून साचा घेतला, पुढे नसलेल्या चवड्याच्या जागी भरीव ठोकळा बसवला. त्याला ते मोठं इंग्रजी नाव सांगतात. बूट घातला की बाहेरून मी अख्खा दिसतो. पळणं संपलं. चालणं आहे.

काही महिन्यांनी त्याचं वरचं कातडं सुटलं. गिरिजा तो पिशवीत घालून निघाली. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, "भावोजींकडं. दुसरं कुणाकडं जाणार?" तेवढ्यानेच तिने सगळं मिटवलं. ती सॉरी म्हणणाऱ्यांतली नाही आणि रघू ऐकून घेणाऱ्यांतला नाही.

तेव्हापासून कातडं रघू बदलतो. काम झालं की हात फिरवत नाही. सुखतळा उचलतो आणि आपल्या गालावर घासतो, हळूहळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत, डोळे मिटून. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. मग उलटा करून दुसऱ्या गालावर.

आणि घरी रोज मी बूट घालण्याआधी गिरिजा त्यात हात घालते. खडा, टाका, मोज्याची सुरकुती, सगळं बघते. मध्यंतरी एकदा स्टीलच्या तारेचा तुकडा निघाला, दुकानातल्या घासणीचा. तो तिच्या बोटात गेला आणि ती "आई गं" म्हणून ओरडली. मी खुर्चीवर बसून पाय पुढे केला होता. खोटं सांगत नाही, तो मी झटकन मागे ओढून घेतला.

कुकरवाल्या बाईंना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं. न दुखणारा पाय म्हणजे मुकं लेकरू. ते रडून सांगणार नाही, तुम्हीच बघायचं. रोज तळवा बघा, बुटात हात घाला, आणि आजच्या आज डॉक्टर गाठा. कुकर नंतर न्या. त्या कुकर न घेताच गेल्या, हे चांगलं झालं.

संध्याकाळी मी आणि रघू रंकाळ्यावर चालतो. तो थोडा पुढे, मी मागे, कारण अर्ध्या पायाला पुढे ढकलायला चवडा नसतो. बाकांवर आता नवी मंडळी बसतात. आम्ही येतो आणि जातो, कुणी मान वळवत नाही.

काल मला राहवलं नाही. उजवं पाऊल टेकताना मी तोंडाने आवाज काढला, "कर्र."

रघू जागच्या जागी थांबला. मागे वळला नाही. "गप की रं," म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. डावं पाऊल मुकं, उजव्याला "कर्र". डावं मुकं, उजव्याला "कर्र". बाकावरच्या एका आजोबांनी चष्मा वर करून बघितलं. असे आम्ही पाण्याच्या कडेकडेने बरेच गेलो. आणि मग माझं डावं पाऊल टेकत असताना पुढून, मान न वळवता, अगदी बारीक आवाज आला.

"कर्र."

उजवं माझं, डावं त्याचं, असं करत आम्ही घाटापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर दोघंही बराच वेळ पाण्याकडेच बघत उभे राहिलो, एकमेकांकडे नाही.